आत्याचा बदाम

७ डिसेंबर

आवाज पार बसलाय. आई म्हणते, "बरं झालं, आता चार दिवस घर शांत." बसू दे. काल चुलतभावाच्या, सुमितदादाच्या हळदीत मी आत्याच्या मागे झील धरली — आणि एकदाही चुकले नाही!

भटजी काय, कोणीही आणता येतो. लग्नातली धवले-गाणी म्हणणारी धवलारीण मिळत नाही आता. सगळ्यांना डीजे हवा. पण बाबांच्या घराण्यात कलावती आत्याचे धवले झाल्याशिवाय कोणाला हळद लागलेली नाही. काल तिने देवांना बोलवायला सुरुवात केली तेव्हा डीजेवाल्या पोरांनीपण गुपचूप आवाज बंद केला. डोंगरावरचे या, नदीवरचे या, शेतावरचे या, तलावावरचे या. आणि शेवटी मान वळवून, हात लांब करून — "इष्टेशनावरचे पन या!"

लहानपणी मला याचं फार हसू यायचं. स्टेशनावर कसला देव? मग आत्याने सांगितलं. आमच्या चेडोबाचा दगड तिथे होता, रूळ वाढवले तेव्हा कुठे गेला कोणाला माहीत नाही. "दगड हालवला गो. देव कुठं हालतो?" म्हणून ती त्याला अजून तिथूनच बोलावते.

मग पेला. थोडी दारू जमिनीवर, थोडी मांडवाच्या खांबाला, उरलेला घोट धवलारणीचा. तिने घेतला नाही तर देवांनी मान घेतला नाही असं समजतात. आत्या डोळे मिटून घोट घेते आणि असं तोंड करते की जणू कडू काढा प्यायली. आत्याचे यजमान, आमचे मामा, दारूनेच गेले. एरवी तिच्या घरात बाटली येऊ शकत नाही, तिच्या मुलाची, बंटीदादाचीसुद्धा काय हिंमत आहे!

निघताना माझी हनुवटी धरून म्हणाली, "समीक्षाच्या हलदीला पयला धवला तू धर. मी मागं रेन." ताईची हळद फेब्रुवारीत आहे. मी आत्तापासून घाबरलेय.

१० डिसेंबर

आत्या आलेली. बंटीदादाने त्याचा जुना फोन तिला दिलाय आणि आता बाई ऐकत नाहीत. त्याच्याच जुन्या अकाउंटवर दिवसभर रील बघते. वाचता येत नाही, त्यामुळे सगळं फोटोवरून ओळखते. बंटीदादा डोक्याला हात लावून बसलाय, कारण ही दिसेल त्याला बदाम देते. पत्त्यातला बदाम असतो ना, तसं ते लाल हार्ट, म्हणून बदाम. कुणाच्या तरी आजोबांच्या भावपूर्ण श्रद्धांजलीलासुद्धा दिला. "मेला तरी मानूस चांगला व्हता," म्हणते.

तिने मला एकेक दाखवून विचारलं, हा कोण, ही कोण. माझा पिवळ्या ड्रेसमधला फोटो लगेच ओळखला. "ही माजी बाय." आणि खुशीत बदामावर दोनदा दाबलं. मी म्हटलं, आत्या, दोनदा दाबलं की बदाम जातो. बघ, पांढरा झाला. तिने घाईघाईने परत दाबला आणि फोन पदराने पुसून ठेवला.

१३ डिसेंबर

आपल्या हळदीचा व्हिडिओ एका आगरी पेजवर आला! आत्या पूर्ण दिसतेय. माझा हात, हिरव्या बांगड्या आणि अर्धा चेहरा. खाली सगळे चांगलं लिहितायत. एकाने लिहिलंय की माझ्या आजीची आठवण आली. मी आत्याला फोनवर सगळं वाचून दाखवलं. तिने प्रत्येकाचं नाव विचारलं आणि प्रत्येकाला "सुकी ऱ्हा" म्हणाली.

१५ डिसेंबर

कोणीतरी तो व्हिडिओ कापलाय.

देवांना बोलावणं नाही, धवला नाही, काही नाही. फक्त "इष्टेशनावरचे पन या!" आणि लगेच पेला. मग तिचं ते तोंड, तीन वेळा, स्लो मोशनमध्ये. वर लिहिलंय — "आजी फुल टाईट". त्या आगरी पेजवर जितके लोक होते त्याच्या कितीतरी पट इथे आहेत.

कमेंट वाचवत नाहीत. वाचतेय तरीपण. सारखं खाली सरकवतेय, कोणीतरी एकाने तरी खरं लिहिलं असेल म्हणून.

१६ डिसेंबर

कॉलेजमध्ये पोहोचायच्या आत सगळ्यांनी बघितलेलं. कॅन्टीनच्या दारात मितेश हात लांब करून उभा — "कॉमर्सवाले पन या!" सगळे खिदळले. मीपण. काय करणार होते?

मग क्लासच्या ग्रुपवर कोणीतरी माझ्या अर्ध्या चेहऱ्याभोवती लाल गोल करून टाकला. हिरव्या बांगड्या. "ही कोण?" ट्रिशाने त्या रीलखालीच मला टॅग करून विचारलं, "सान्वी, ही तुझी कोण आहे का गं?"

सगळ्यांसमोर. तिथे, जिथे अख्खं कल्याण-डोंबिवली बघतंय.

लेक्चर चालू होतं. बाकाखाली फोन धरून मी टाइप केलं — "कोण आहे माहीत नाही. हळदीत अशा बायका येतातच फुकटची प्यायला." आणि पुढे ते हसून रडणारे तीन चेहरे.

पाठवून टाकलं. पाठवलं आणि पहिल्यांदा त्या दिवशी श्वास नीट आला. हे लिहितानाच लाज वाटतेय, पण तसंच झालं.

१७ डिसेंबर

सगळ्यात वर माझी कमेंट आहे. लोकांना आवडलीये.

१८ डिसेंबर

डिलीट करणार होते. अंगठा ठेवला होता. पण मितेशने ऑलरेडी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकलाय — "सान्वी रॉक्स". डिलीट केलं तर विचारतील का केलं. मग काय सांगू? की माझी आत्या आहे, आणि परवा नव्हती?

आत्याला काय वाचता येतंय, असं मी स्वतःला समजावलं. इतका घाणेरडा विचार मी आजवर केला नव्हता. तिला वाचता येत नाही म्हणून मी सेफ आहे!

२३ डिसेंबर

गॅदरिंग झालं. फिशपॉन्डमध्ये मला पडला — "कोणाला ओळखत नाही, पण सगळ्यांना बोलावते. इष्टेशनावरचे पन या!" म्हणजे काहींना कळलंय. हॉल कोसळला हसून. स्टेजवर जाऊन मी वाकून नमस्कार केला, ॲवॉर्ड मिळाल्यासारखा. सगळे म्हणाले, किती स्पोर्टिंग आहेस.

घरी येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि रडले. आईने बाहेरून विचारलं, "पानी किती वाया घालवतेस?"

२ जानेवारी

आता त्याचं गाणं झालंय. खाली बीट टाकलेत. लोक स्टेशनवर उभे राहून करतात, बाथरूममध्ये करतात, कुत्र्याला पेला दाखवून करतात. आत्याचा आवाज आणि वर भलतीच तोंडं.

बंटीदादाने बाबांना सांगितलं, मी आतून ऐकलं. शहाडला, आत्याच्या घराजवळच्या मार्केटमध्ये पोरं आत्याच्या मागून ओरडतात. पहिल्या दिवशी तिला वाटलं, पोरांना देव बोलवायची आवड लागली. थांबून त्यांना पुढचं शिकवायला लागली. भर बाजारात, हातात मेथीची जुडी. पोरांनी तेही शूट केलं.

मग एका पोराने तिला रिकामी बाटली दिली, तेव्हा तिला कळलं.

बाबा जेवण ताटात टाकून उठले. त्यांना लहानपणी तिनेच वाढवलंय. आजी शेतावर जायची आणि आत्या बाबांना कडेवर घेऊन धवले शिकायची.

११ जानेवारी

खोपटहून देवेश जिजूंचे आईवडील आले होते. तेही आगरीच, पण आता मोठ्या टॉवरमध्ये राहतात. चहा झाला, चिवडा झाला, हॉल बघून झाला. मग जिजूंची आई आईला म्हणाली, "धवलारीण तीच का हो, ती रीलवाली? नाय, आमचं काय नाय. पन देवेशच्या ऑफिसातले येनार. फोन काढून उभे ऱ्हातील सगले."

आईने माझ्याकडे बघितलं. का बघितलं? तिला माहीत आहे का?

ताई म्हणाली, "आत्याच गाणार." एवढंच. मग तिच्या सासूने हसून चिवड्याची बशी तिच्याकडे सरकवली आणि विषय बदलला. ताई एकटीच बोलली. मी सोफ्याच्या टोकाला बसून नखं कुरतडत होते.

१३ जानेवारी

बाबा शहाडला जाऊन आले. आत्याला नको येऊस सांगायला गेलेले की ये सांगायला, हे त्यांनाच माहीत नव्हतं. सांगायची वेळच आली नाही. ती आपणहून म्हणाली, "दौलत, माजा घसा बसलाय रे. यंदा नाय जमनार."

"घसा ठणठणीत आहे तिचा," बाबा म्हणाले. आणि पुढे — "म्हणाली, सान्वीच्या कालेजातल्या पोरी येतील. पोरीला हसतील."

तिला कळलंय. नक्की कळलंय. कोणीतरी वाचून दाखवलं असणार. नाहीतर माझंच नाव का काढलं? ती टोमणा मारत नाही कधी, पण हा टोमणाच आहे. मला हसतील म्हणे. मी स्वतःच आधी हसले ना तिला.

२० जानेवारी

तीनदा नंबर लावला, तीनदा रिंग जायच्या आत कट केला.

२७ जानेवारी

आईने माझ्या हळदीच्या साडीचा ब्लाउज शिवून आणला. पिवळाच. घालून बघितला तर म्हणाली, "आत्या बघितल्यावर दृष्ट काढेल." आणि मग जीभ चावून ब्लाउजचे हुक काढायला लागली, कारण आत्या बघणार नाहीये.

७ फेब्रुवारी

दमलेय पण लिहिते. आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

दुपारी बंटीदादा आला. एकटाच. आत्याने फडक्यात बांधून तांदूळ, नारळ आणि तिचा तो पितळी पेला पाठवलेला. ताईच्या हातात दिलं, बाबांच्या पाया पडला. माझ्याकडे बघितलंही नाही. मी "दादा, जेवून जा" म्हटलं तर रिक्षा चालू केली.

संध्याकाळी मांडव भरला. ताई पाटावर बसली. हळदीची वाटी आली. आणि सगळे थांबले, कारण यानंतर काय करायचं हे आमच्यात कोणालाच माहीत नाही. यानंतर आत्या असते.

आई माझ्याजवळ आली, कानात म्हणाली, "तुला येतात ना? धर तू. तिने तुलाच सांगितलेलं."

येतात. सगळे येतात. पहिला धवला ओठांवर होता. समोर ट्रिशा, मितेश, अर्धा क्लास, फोन वर धरलेले. ताई पाटावरून बघत होती. तिने भुवया उंचावून हलकेच मान हलवली, लहानपणी मला पोहायला उतरवताना करायची तशी.

मी म्हटलं, "मला नाही येत गं."

आईने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला, बस.

मग डीजेवाल्याला वाटलं, आता आपलं काम. त्याने बटण दाबलं. आणि आत्या आली. म्हणजे तिचा आवाज आला, एवढ्या मोठ्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून, खाली धाड धाड बीट. "इष्टेशनावरचे पन या!" अख्खा मांडव ओरडला. म्हातारे नाचले, बायका नाचल्या, जिजूंचे ऑफिसवाले खुर्च्यांवर चढले. जिच्यामुळे हसू होईल म्हणून तिला कोणी आग्रह केला नाही, तिच्याच आवाजावर नाचले सगळे!

बाबा नाचले नाहीत. त्यांनी आत्याचा पितळी पेला भरला. थोडी जमिनीवर सोडली. थोडी खांबाला. मग उरलेली घेऊन उभे राहिले. घोट धवलारणीचा असतो. बाबा इकडेतिकडे बघत होते, जणू कोणीतरी येऊन हातातून घेईल. शेवटी पेला खांबाच्या बुडाशी ठेवला आणि मांडवाच्या मागे गेले. मी गेले मागून. पाण्याच्या टाकीला डोकं टेकून उभे होते. बाबांना रडताना मी आज पहिल्यांदा बघितलं. मी जवळ नाही गेले. कोणत्या तोंडाने जाणार?

ट्रिशा मला शोधत तिथे आली. म्हणाली, "ती गाणारी आजी नाही आली? मी तिच्यासाठी लवकर आलेले."

मी म्हटलं, कशाला? रील काढायला?

ती गोंधळली. "नाही गं. माझी आजी पण गाते आमच्या लग्नांत. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून उंबराचं पाणी आणायला जातात ना, तेव्हा. एक पेग मारूनच गाते ती. तुझी कोणी असेल तर दोघींची भेट घालू, म्हणून विचारलेलं मी तुला. तू म्हणालीस माहीत नाही."

म्हणजे ती हसत नव्हती. तिने साधं विचारलं होतं. मी "हो, माझी आत्या" एवढे तीन शब्द लिहिले असते तर काही झालं नसतं. काहीच झालं नसतं!

८ फेब्रुवारी

लग्न लागलं. ताई गेली. निघताना सगळ्यांच्या गळ्यात पडली, माझ्यापण. पण माझ्या कानात ती म्हणाली, "आत्याकडे जा." दुसरं काही नाही.

पेला मी धुऊन ठेवलाय. मुंग्या लागल्या होत्या.

१० फेब्रुवारी

उद्या कॉलेजला दांडी. सरळ शहाडला जाणार. पेला द्यायचं निमित्त आहे. पण सांगणार आहे तिला. कोणी वाचून दाखवलं असलं तरी माझ्या तोंडून सांगणार. शिव्या देईल, दे म्हणावं. मारेल, तर मार. गप्प बसली तर मात्र मला सहन होणार नाही.

वाक्य पाठ करून ठेवलंय. आत्या, ते मी लिहिलेलं.

११ फेब्रुवारी

दार उघडंच होतं. मला बघून म्हणाली, "आली गो माजी बाय! घास-मुटका खाल्लास कं?" मी पाठ केलेलं बोलायला लागले. "आत्या, ते मी लिहिलेलं —" तर तिने मला मधेच हाताला धरून खाली बसवलं. "ठाव हाय मना," म्हणाली. उशीखालून फोन काढला.

ते रील उघडलं. खालचं उघडलं. सगळ्यात वर माझा पिवळ्या ड्रेसमधला फोटो, माझी कमेंट. आणि शेजारी लाल बदाम. तिने दिलेला.

"सगले हसतान मना. तू एकलीच माज्या बाजूची. रोज बगते मी. बंटीला बोल्ले वाच, तर तो वाचीत नाय, उठून जातो. काय लिवलंस गो? वाच ना मना."

मी वाचलं. "ही माझी आत्या आहे. मला सगळे धवले हिनेच शिकवले."

आत्याने डोळे पुसले. आणि खुशीत परत एकदा बदामावर बोट दाबलं. तो पांढरा झाला. डोळे पुसायला चष्मा काढला होता, तिला दिसलं नाही. मी सांगितलं नाही.